साडेनऊ किलोची बाहुली

पाचवीत असताना माझ्या वाट्याला रशिया आला.

त्याचं असं झालं, की त्या वर्षी आमच्या शाळेत नवीन बाई आल्या होत्या. पुण्याकडच्या. त्यांच्याकडं गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक होतं आणि त्यात देशोदेशीची मुलं आपापलं आवडतं खेळणं छातीशी धरून उभी होती. बाई ते पुस्तक आम्हाला लांबूनच दाखवायच्या, कारण आमचे हात कायम कशानं तरी माखलेले असत. स्नेहसंमेलनाला त्यांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय होता, जगातली मुलं आणि त्यांची खेळणी. एका कंपासपेटीत चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याला जो देश येईल त्यानं तिथलं खेळणं करून आणायचं असं सांगितलं.

एकाला ब्राझील आला. त्यानं दुसऱ्याच दिवशी गल्लीतला फुटबॉल आणून ठेवला आणि मोकळा झाला. एकाला नुसतं ‘आफ्रिका’ असं आलं. तो उठून म्हणाला, “बाई, आख्खी?” सगळ्यात वाईट गत झाली ज्याला भारत आला त्याची. बाकीच्या देशांबद्दल आमच्या मंगळवार पेठेत कुणाला काही माहिती नव्हती, पण भारताबद्दल प्रत्येकाला होती. त्यानं भोवरा आणायचं ठरवलं की कोपऱ्यावरचा पानवाला म्हणायचा, “भोवरा कसला? इटी-दांडू ने.” विटी-दांडू म्हटलं की शेजारच्या काकू लगोरीवर यायच्या. आठ दिवसांत ते पोरगं वाळून गेलं.

रशियाचं चित्र पुस्तकात पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं. एक गोरी मुलगी, तिच्यासमोर पाच बाहुल्या, मोठीपासून छोटीपर्यंत ओळीनं. बाई म्हणाल्या, “ही गंमत असते. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. बरोबर मधे उघडतात.” मी वहीत चित्र काढून घेतलं. माझ्या चित्रात त्या पाच दुधी भोपळ्यांसारख्या दिसत होत्या.

घरी आल्यावर मी रडायला सुरुवात केली. आधी रडून घेतलं की आमच्याकडं कामं लवकर होत. आई म्हणाली, “महाद्वार रोडला मिळंल की एखादी. बघू रविवारी.”

तेवढ्यात पप्पा कामावरून आले. पप्पा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात टर्नर होते. लोखंडाचा तुकडा लेथमध्ये पकडायचा, गरागरा फिरवायचा आणि पाहिजे तसा कातून काढायचा, हे त्यांचं काम. पंपाचे भाग, तेलाच्या इंजिनाचे भाग, काहीही. आमच्या घरात खेळणी म्हणून जे काही होतं ते सगळं तिथूनच आलेलं. दुसऱ्या मुलींच्या घरी भातुकली असायची, माझ्याकडं बाद झालेल्या बेअरिंगमधले छर्रे होते, डबाभर. ते फरशीवर सोडले की खालच्या मजल्यावरच्या मावशी काठीनं छत ठोकायच्या.

पप्पांनी माझी वही हातात घेतली, चष्मा लावला आणि चित्र उलटसुलट करून बघितलं.

“हे टर्निंगचं काम हाय,” ते म्हणाले. “असल्या बाव्हल्या काय इकत आणायच्या? मटेरियल काय?”

“म्हंजे?”

“कशाची हाय? धातू कुठला?”

मला काय माहीत? पुस्तकातल्या चित्रात त्या लाल होत्या आणि चमकत होत्या. मी म्हणाले, “चकाकत्यात, पप्पा.”

“मग झालं तर,” पप्पा म्हणाले.

आता एवढ्या वर्षांनी वाटतं, की त्या क्षणी ‘लाकूड’ हा एक शब्द कुणीतरी उच्चारायला हवा होता. पण आईनं नाही उच्चारला, मी नाही उच्चारला, आणि पप्पांच्या डोक्यात तर तो येणंच शक्य नव्हतं. त्यांच्या जगात गोल आणि चकाकणारी वस्तू एकाच गोष्टीची असायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन वर्कशॉपात गेले तेव्हा तिथं चर्चा चालू होती. फौंड्रीत ओतताना खराब झालेले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे कोपऱ्यात पडलेले असत. त्यातले बरे निवडून पप्पांनी ओळीनं मांडले होते आणि त्याभोवती चार कामगार उभे होते. डोकं गोल ठेवायचं की टोपीसारखं चपटं, यावर एकमत होत नव्हतं.

“रशिया फुटला म्हणं,” एक जण म्हणाला. “पेपरात आलतं.”

“म्हणून तर पाच तुकड्यात करतोय,” पप्पा म्हणाले.

त्याच वेळी मालक आत आले. एका लेथभोवती पाच माणसं बघून त्यांनी दारातूनच ओरडून विचारलं, “कसलं काम चाललंय?”

“रशियाचं काम हाय, मालक,” तो पेपर वाचणारा म्हणाला. तो खरंच साधेपणानं बोलला होता. पण मालकांना फोन आला, ते तसेच वळून गेले, आणि दुपारच्या चहाला टपरीवर त्यांनी शेजारच्या दोन-तीन कारखानदारांना सांगून टाकलं की आपल्याकडं रशियाची ऑर्डर आली आहे.

पुढचा भाग मला पप्पांनी इतक्या वेळा सांगितलाय, की मी तिथं होते असंच वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि थेट पप्पांच्या मशीनपाशी येऊन म्हणाले, “ड्रॉइंग कुठाय?”

पप्पांनी माझ्या वहीचं पान पुढं केलं.

मालकांनी बराच वेळ त्या पाच भोपळ्यांकडं बघितलं. “हे काय हाय?”

“बाव्हली.”

“रशियाला बाव्हली पायजे?”

“रशियाला न्हाय, मालक. रशियाची बाव्हली. पोरीच्या शाळंत प्रदर्शन हाय.”

मालक जवळच्या स्टुलावर बसले. “मी आख्ख्या उद्यमनगराला सांगून बसलोय की,” ते म्हणाले. मग त्यांनी अर्धी झालेली बाहुली उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “करतोयस तर मग फिनिशिंग तरी एक्स्पोर्टचं कर.”

त्यानंतर आठवडाभर पप्पा काम सुटल्यावर तासभर थांबून बाहुल्या करायचे. एक अडचण आली. बाहुली मधे उघडायला पाहिजे हे खरं, पण वरचा आणि खालचा भाग एकमेकांत नुसता बसवला तर डोक्याला धरून उचलल्यावर खालचं अंग पायावर पडणार. पप्पांनी त्यावर त्यांना माहीत असलेला एकमेव इलाज केला. आटे पाडले. बरणीचं झाकण फिरवून लावतात तशी बाहुली कमरेत फिरवून बंद करायची. सगळ्यात छोटी तेवढी भरीव ठेवली. आणि तिसऱ्या बाहुलीला त्यांनी मुद्दाम उलटे आटे पाडले. जगातली सगळी झाकणं जिकडं फिरवली की उघडतात तिकडं फिरवली की ही घट्ट व्हायची.

“ते कशाला?” आईनं विचारलं.

“येतंय म्हणून,” पप्पा म्हणाले.

रंगकाम घरी झालं. गल्लीतल्या बुद्धविहाराच्या कुंपणाला लावून उरलेला निळा रंग होता, तो बाहुल्यांच्या लुगड्याला लागला. चेहऱ्याला लोखंडाचा तांबडा प्रायमर. ओठ आईच्या नेलपॉलिशचे, डोळे काजळाचे. सगळं झाल्यावर आई जरा लांब उभी राहून बघत बसली आणि म्हणाली, “कपाळ मोकळं बरं दिसत न्हाय.” तिनं स्वतःच्या पाकिटातल्या पाच टिकल्या काढून पाचही जणींना लावल्या. एवढ्यानं भागलं नाही. खालच्या मजल्यावरच्या मावशी बघायला आल्या, त्यांनी नाकात चमकी पाहिजे म्हणून हट्ट धरला. पप्पांनी टोकदार पंच ठोकून पाच नाकांवर पाच ठिपके उठवले. रशिया आता पेठेतल्या कुठल्याही लग्नात खपून गेला असता.

किराणा दुकानाच्या काट्यावर पाच जणी मिळून साडेनऊ किलो भरल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी पप्पांनी बाहुली पोत्यात घालून सायकलच्या कॅरियरला बांधली आणि मला शाळेत सोडून ते कामावर गेले. वर्गात पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली. सगळीकडं हलक्याफुलक्या वस्तू होत्या. जपानवालीनं कागदाचे पक्षी दोऱ्याला टांगले होते आणि ते पंख्याच्या वाऱ्यानं भिरभिरत होते. कुणी कापसाचं अस्वल आणलं होतं, कुणी पुठ्ठ्याची आगगाडी. आणि मी वीतभर उंचीची, निळ्या लुगड्यातली, टिकली लावलेली बाई दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी.

बाईंनी प्रत्येक देशासाठी थर्माकोलची बैठक केली होती, तिच्यावर देशाचं नाव. मी बाहुली रशियावर ठेवली. करकर आवाज झाला आणि रशिया मधोमध खाली गेला.

बाई धावत आल्या. त्यांनी बाहुली उचलायला हात घातला, आणि ती उचलली गेली नाही. मग दोन्ही हात घातले.

“अगं, ही कशाची केलीस?”

“बिडाची, बाई.”

बाई माझ्या कानाशी वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “त्या लाकडाच्या असतात गं.”

माझे कान तापले. मला पप्पांचा राग आला, मग पुस्तकाचा आला, मग चित्रातल्या त्या गोऱ्या मुलीचा आला. बाई भल्या होत्या. त्यांनी थर्माकोलचे तुकडे गोळा केले, बाहुली बाकावर सरळ ठेवली आणि म्हणाल्या, “असू दे. छान झालीये. फक्त कुणाच्या पायावर पडू देऊ नकोस.”

प्रदर्शनाचं उद्घाटन करायला एक वयस्कर पैलवान आले होते. एके काळी त्यांनी खासबागेचं मैदान गाजवलं होतं. कान चेपलेले, मान खांद्यात गेलेली, डोक्याला फेटा. ते प्रत्येक बाकापाशी थांबून “वा, वा” म्हणत पुढं सरकत होते. मागं हेडमास्तर, मागं पालक. आणि पालकांच्या गर्दीत मला एकदम मालक दिसले. इस्त्रीचा शर्ट घातलेले. त्यांच्या मागं, वर्कशॉपचे काळे कपडे तसेच अंगावर असलेले पप्पा. मालकांनीच त्यांना मशीन बंद करायला लावून स्कूटरवरून आणलं होतं. पप्पा दाराजवळच्या खांबाला टेकून उभे राहिले, पुढं यायला तयार होईनात.

पैलवान रशियापाशी आले. “ही कोण?”

मी पाठ केलेलं बोलायला लागले, “रशियातील मुलांना एकीत एक अशा...”

“उघडती व्हय?” त्यांनी बाहुली एका हातात कपबशी उचलावी तशी उचलली. सकाळपासून पहिल्यांदाच ती कुणीतरी सहज उचलली होती. कमरेत फिरवली, उघडली. आत दुसरी. “आयला!” पैलवान म्हणाले आणि हेडमास्तर खोकले. दुसरी फिरवली, उघडली. आत तिसरी. पैलवान आता लहान मुलासारखे हसत होते. त्यांनी तिसरी धरली आणि फिरवली.

ती उघडली नाही.

त्यांनी जरा जोर लावला. उलटे आटे होते, त्यामुळं ती अजून घट्ट बसली. पैलवानांनी बाहुलीकडं नीट बघितलं. मग तिला डाव्या पंजात धरून उजव्या हातानं पिळली. दंडावरची शिर वर आली. गर्दी पुढं सरकली.

मला ठाऊक होतं की ती दुसरीकडं फिरवायची आहे. पण पाहुण्यांच्या मधे बोलायचं नाही अशी सक्त ताकीद होती, आणि असल्या माणसाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणून सांगणार कोण? मी हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तर घड्याळाकडं बघत होते.

पैलवानांनी फेटा काढून बाईंच्या हातात दिला.

तेव्हा मात्र गर्दीला ओळखीचं काहीतरी दिसलं. “पैलवान, कंबर धरा की!” मागून कुणीतरी ओरडलं. “खालनं घाला हात!” जपान, ब्राझील, आफ्रिका तिथंच टाकून सगळी पोरं बाकांवर चढली. कागदाचे पक्षी तुटून कुणाच्या तरी डोक्यावर आले. पैलवानांनी बाहुली मांडीच्या खोबणीत दाबली, दात आवळले आणि पाठ वाकवून असा जोर काढला, की वर्गातली फरशी हादरली. बाहुली टिकली लावून शांतपणे वर बघत होती.

शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, “पावणं, उलटं फिरवा!”

पैलवानांनी माझ्याकडं बघितलं. “काय म्हणलीस?”

“उलटं, उलटं आटं हायत तिला. पप्पांनी मुद्दाम पाडल्यात.”

“मुद्दाम?” पैलवान म्हणाले. “कुठाय तुझा पप्पा?”

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. मालकांनी पप्पांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना जवळजवळ ढकललंच. पप्पा पुढं आले, हात पुसायला काही नव्हतं म्हणून शर्टाला पुसले. पैलवानांपुढं ते अगदीच काडीसारखे दिसत होते.

“पैलवान, चुकी झाली,” ते म्हणाले. “जरा दावायची हौस. पण आता तुम्ही आवळलासा म्हंजे हातानं न्हाय निघायची. पाना लागंल.”

“कुठाय पाना?”

पप्पांनी पँटच्या मागच्या खिशातून पाईपपाना काढला. तो ते कुठंही नेत असत. आईचं म्हणणं होतं की लग्नातही तो त्यांच्या खिशात होता.

मग असं ठरलं की पप्पांनी पान्यानं खालचं अंग धरायचं आणि पैलवानांनी वरचं फिरवायचं, उलट दिशेनं. दोघं बाकाच्या दोन बाजूंना पाय रोवून उभे राहिले. पैलवानांनी “हां!” केलं. पप्पा बाकासकट वीतभर सरकले. परत “हां!” आणि चर्रर्र असा आवाज होऊन बाहुली सुटली.

जो गलका झाला तो ऐकून दुसऱ्या वर्गातले शिक्षकही धावत आले. पैलवानांनी तिसरीतून चौथी काढली, ती सरळ उघडली, तिच्यातून अंगठ्याएवढी पाचवी काढली आणि ती पण फिरवायला लागले.

“ती भरीव हाय, पैलवान,” पप्पा घाईघाईनं म्हणाले. “तिच्यात काय न्हाय.”

“नक्की?” पैलवानांनी संशयानं विचारलं.

घामानं निथळत त्यांनी पप्पांना मिठी मारली. निळा रंग, तांबडा प्रायमर आणि वर्कशॉपचं ग्रीस असं सगळं त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागलं. मालक शेजारच्या पालकाला सांगत होते, “आपल्याच शॉपात झाल्यात.” मी बाकाच्या कोपऱ्याला धरून उभी होते आणि मला आता कशाचीच लाज वाटत नव्हती. उलट सगळ्यांनी माझ्याकडं बघावं असं वाटत होतं. पण सगळे पप्पांकडं बघत होते, आणि पप्पा पाना खिशात घालायला विसरून तसाच हातात धरून उभे होते.

पहिलं बक्षीस कागदाच्या पक्ष्यांना मिळालं, जेवढे उरले होते तेवढ्यांना. मला उत्तेजनार्थ प्लॅस्टिकची साबणदाणी मिळाली.

बाहुल्या घरी आल्या आणि हळूहळू कामाला लागल्या. सगळ्यात मोठीचा खालचा भाग जड, गोल आणि खोलगट होता, त्यावर आईचा डोळा पहिल्यापासूनच होता. तिनं रंग खरवडून, घासून, तेल लावून त्याचा खलबत्ता केला. लसूण त्यात इतका चांगला कुटला जायचा, की शेजारच्या बायका ‘जरा तुमचा रशिया द्या’ म्हणून मागायला येत.

दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी पैलवान आमच्या घरी आले. जिना चढून आल्यावर ते दारात मावेनात. आईनं घाईघाईनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. ते बराच वेळ पावसापाण्याचं बोलले आणि मग म्हणाले, “मला तसली एक बाव्हली करून द्या. नात हाय चार वर्साची.”

पप्पा शहाणे झाले होते. म्हणाले, “आता लाकडाची करतो, पैलवान. खरी लाकडाचीच असती म्हणं. हलकी.”

“लाकडाची नको,” पैलवान म्हणाले. “मोडंल ती. आमच्या घरातली पोर हाय. आन् आटं सरळ पाडा.”

पप्पांनी ती करून दिली, थोडी लहान, सगळे आटे सरळ. द्यायला मी बरोबर गेले. पैलवानांचं घर तालमीच्या मागं होतं. त्यांनी नातीला हाक मारली. दोन शेंड्या घातलेली, गुटगुटीत पोरगी आली. तिनं बाहुलीकडं बघितलं, दोन्ही हातांनी कवळा घातला, उचलली, चार पावलं चालली आणि आजोबांच्या पायावर ठेवली. ठेवली म्हणजे सोडली. पैलवानांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून आवाज आला नाही. पप्पा खाली मान घालून चहा पीत राहिले.

“उघड की तिला,” मी त्या पोरीला म्हणाले. “आत अजून हायत.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी भयंकर बोलले होते. बाहुली तिनं दोन्ही हातांनी ओढत ओढत कोपऱ्यातल्या गोधडीपर्यंत नेली, आडवी केली, गळ्यापर्यंत पांघरूण घातलं आणि तिच्या लोखंडी पोटावर थोपटायला लागली.

“गप ऱ्हावा,” ती आम्हाला म्हणाली. “झोपलीया.”

पैलवान पाय चोळायचे थांबले. पप्पांनी कप आवाज न करता बशीत ठेवला. आणि आम्ही तिघंही तिथं बराच वेळ, ती सांगेल तसे, गप्प बसून राहिलो.